गुणाबाईची तिसरी गोळी

गुणाबाई वैशाखरे गावची. एचआयव्हीची औषधं खायला लागून तिला अठरा वर्षं झाली होती आणि त्यातलं आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं तिचं ठाम मत. मी एचआयव्हीच्या उपचार केंद्रात औषधाच्या खिडकीत बसतो, ती समोरच्या बाकावर बसायची. नवी बाई आली की हिची शाळा सुरू. मला ते बरंच होतं, माझ्या तोंडाची वाफ वाचायची.

"पयल्या गोळीनं माजी नखं काळी पडली, अंगातलं रगत आटलं. दुसरी झोपताना खायची, तर खाट फिरायची नि भलतीच सपनं. ही तिसरी गरीब हाय गो. कवापन खा, कशासंगं पन खा."

मनाली अशीच एक नवी बाई, तेव्हा चार महिन्यांची पोटुशी. गावात कुणी पाहू नये म्हणून जवळचं केंद्र सोडून शहापूरकडून दोन एसट्या बदलून यायची. नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला नाही. पोटातल्या बाळाला लागण होऊ नये, एवढाच तिचा ध्यास. तिलाही तीच तिसरी गोळी सुरू झाली, पण घरात ती खायची कशी? तोडगा गुणाबाईनं काढला. गरोदर बाईला लोहाच्या नि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतातच, त्यांतच ही मिसळ.

सासूला संशय आला नाही. उलट रोज सकाळी रिकाम्या पोटी, समोर उभी राहून ती सगळ्या गोळ्या एकदम गिळायला लावायची. मनालीनं एक दिवस चुकवला नाही.

जुन्या गोळ्यांना हे चाललं असतं. या नव्या गोळीला रिकाम्या पोटी लोह आणि कॅल्शियम धरून ठेवतात, ती रक्तात पुरती उतरतच नाही. जेवणासोबत घेतली असती तरी निभावलं असतं. हे सांगणं माझं काम होतं. बाकावरचं सगळं मी ऐकत होतो, आणि हसत होतो. आज त्याची लाज वाटते.

आठव्या महिन्यात तपासलं, तर रक्तातले विषाणू कमी झालेच नव्हते. "गोळ्या चुकवतेस," म्हणून डॉक्टरांनी तिलाच झापलं. खरं कारण कळेपर्यंत उशीर झाला होता. मुलगा झाला. दीड महिन्यानं त्याचा अहवाल आला: लागण.

गुणाबाई त्या दिवशी बाकावर बसली नाही. सरळ खिडकीशी आली.

"दादा, मीच सांगितलं व्हतं तिला. तुमाला म्हाईत व्हतं का ह्ये?"

मला माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो आणि तिची गोळ्यांची बाटली पुढे सरकवली.

"मंग तुमचा काय दोस," ती म्हणाली.