आत्याने अडवलेला अर्ज

माझी आत्या कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीवर बसायची. अर्ज तपासायचा आणि शिक्का मारायचा, एवढंच तिचं काम. पण समोरच्याला फुकटचा सल्ला दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

अर्थशास्त्राच्या मुलांना पहिल्या वर्षी दोनपैकी एक गणित निवडावं लागे: सोपं व्यावहारिक गणित, नाहीतर कॅल्क्युलस. घाबरलेल्या मुलांना ती बिनधास्त सांगायची, "सोपं घे रे, मार्क तरी पडतील."

एकदा तिसऱ्या वर्षाचा मुलगा खिडकीशी आला. त्याला एम.ए. करायचं होतं, पण कॅल्क्युलस नाही म्हणून अर्ज परत आला होता.

"तुमचंच ऐकलं होतं, ताई," एवढंच म्हणाला.

आत्याच्या ते जिवाला लागलं. धावपळ करून तिने त्याला कॅल्क्युलसची परीक्षा बाहेरून द्यायला लावली. तरी त्याचं एक वर्ष गेलंच. मग तिने आठ दिवसांची रजा टाकली आणि दोन्ही गणितांच्या वर्गांत मागच्या बाकावर वही घेऊन जाऊन बसली. सरांना वाटलं, तपासणी आली! कॅल्क्युलस बरंचसं तिच्या डोक्यावरून गेलं. पण किंमत वाढली की मागणी किती वेगाने घटते, हे सर त्यातूनच मांडतात, हे तिने बरोबर टिपलं.

पुढल्या वर्षी मी व्यावहारिक गणितावर खूण करून खिडकीशी उभी राहिले.

"पुढे काय करायचंय?"

"एम.ए., अर्थशास्त्रातच."

"मग हे कशाला?"

"आत्या, मला नाही झेपणार गं. शाळेत कशीबशी सुटले."

"शनिवारपर्यंत मुदत आहे. दोन्ही वर्गांत बसून ये. चल, रांग अडवू नकोस."

बसले, आणि धीर करून कॅल्क्युलस घेतलं. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार! मी रडून घर डोक्यावर घेतलं. रविवारी आत्या आपली वही घेऊन हजर. "माझं काही अडलंय, समजावून सांग."

ती शंका काढून काढून पिच्छा पुरवायची. तिला सांगता सांगता मलाच उमगायला लागलं. दर रविवारी हेच.

वर्षअखेरीस बावन्न मार्क पडले. आत्याने ते ऑफिसभर सांगितलं. "बावन्नात काय एवढं?" असं हेडक्लार्क म्हणाले, तर आठवडाभर ती त्यांच्याशी बोलली नाही.