रोहा नसलेली पृथ्वी

दिनू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रोह्याच्या शाळेत फळ्यावर मोसमी वारे काढत होतो. शिपायाने दारातूनच सांगितलं, "सर, पेणचे तुमचे दोस्त वारले." रडू आलंच, पण खरं सांगतो, त्याच्याही आधी मनात आलं, हा इथेही पुढे! मॅट्रिकला माझ्या पुढे, लग्नात पुढे, आणि आता... महिना होत आला, तो राग अजून गेलेला नाही.

मी भूगोलाचा मास्तर, तो चित्रकलेचा. तरी पृथ्वी केली ती त्याने. पेणला त्याच्या घरचा गणपतींचा कारखाना. तिथल्या सगळ्यात मोठ्या मूर्तीच्या पोटाच्या साच्यातून त्याने कागदाच्या लगद्याची दोन पोटं काढली, एकमेकांना जोडली आणि तो गोळा सायकलच्या आसावर बसवला. आत मखराच्या माळांचे दिवे भरले. लाल बटण दाबलं की मुंबईहून निघणाऱ्या मालाच्या जहाजांचे मार्ग उजळायचे. निळं दाबलं की मोसमी वारे एकेक दिवा पेटवत अरबी समुद्रावरून आपल्या किनाऱ्यावर यायचे. पिवळ्या बटणावर वेधशाळा, थेट अंटार्क्टिकातल्या संशोधन केंद्रांपर्यंत. माझ्या पोटात दुखलं. म्हटलं, "अरे, पृथ्वी एवढी ढेरपोटी नसते!" तो ब्रश धूत म्हणाला, "मधे फुगलेली असते ना रे? तूच शिकवतोस." माझंच ज्ञान माझ्याच डोक्यात हाणलं.

मुलांच्या हट्टापायी मी वर्ग घेऊन एसटीने पेणला गेलो. पोरं बटणं सोडीनात. परतताना गडब गाव मागे पडलं तरी एसटीत तीच बडबड. शेवटी एका मुलीने विचारलंच, "सर, तुमी असं का नाय शिकवत?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. वीस वर्षं मी सुरळीचे नकाशे खांद्यावर वाहिले, आणि मुलांच्या लक्षात राहणार दिनू!

त्यात आणखी एक गोष्ट मला जाळत होती. त्या पृथ्वीवर पेण होतं, लंडनच्या बरोबरीचं, लालभडक. रोहा नव्हतंच. आमच्या कुंडलिका नदीची रेघ होती, पण काठ मोकळा. मी काही बोललो नाही. विचारलं असतं तर तो हसला असता, आणि ते मला चाललं नसतं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. पृथ्वी कारखान्यात, रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगेत उभी होती. न राहवून म्हटलं, "वहिनी, रोहा तेवढं राहिलं बघा." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"राहिलं नाय भावजी, ठेवलंय. आमच्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, नि ती कारखान्यातल्या थोर हातानं करायची. हे म्हणायचे, 'पृथ्वीचा थोर हात रोह्याला हाय. तो विचारील तेव्हा ब्रश देईन त्याच्या हातात.' तुमी विचारलंत कधी?"

वहिनींनी आखणीचा बारीक ब्रश आणि लाल रंगाची वाटी पुढे केली. मी डोळे पुसले, श्वास धरला आणि रोह्याचा ठिपका काढला.

पेणपेक्षा जरा मोठाच काढला.