गुरुवारची विहीर

मिरजगावाकडे जायचं म्हणताय? जा बापडे, पण पाणी बरोबर घ्या आणि चपला नको, बूट घाला. मी गेले ती बहात्तरच्या दुष्काळात, आणि हौसेनं मुळीच नाही. आप्पांनी धाडलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, नगरचे डॉक्टर. वीस वर्षं दर गुरुवारी कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यात फुकट दवाखाना चालवला. अट एकच. दलितवस्तीतल्या सोनाबाईनं गावविहिरीतून स्वतः पाणी काढायचं, ते सगळ्यांनी प्यायचं, मगच बॅग उघडणार. तेव्हा दोन वर्षं अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, आणि तोंडी एकच, "जाऊन बघ गं, सोनाबाई अजून काढते ना पाणी?"

सकाळची एसटी धरली. मिरजगावला भजी झकास मिळाली, चहात मात्र दूध शोधावं लागलं. पुढे तीन मैल चाल. दोन्हीकडे ढेकळं, आणि खडी फोडणाऱ्या बायका. एकीनंही मान वर केली नाही.

विहिरीवर सात-आठ बायका पोहरे ओढत होत्या. लांब, भर उन्हात, तीन रिकामे हंडे घेऊन एक म्हातारी बसलेली. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून सकाळपासून वाट बघत होती. तीच सोनाबाई.

मी डॉक्टरांची मुलगी म्हटल्यावर तिनं माझे हात धरले. मी विचारलं, "मावशी, तुम्ही का नाही काढत?"

"आज बुधवार हाय ना, ताई." मला काही कळेना. "डाक्टर यायचे त्या गुरवारी काढायचो आमी. बाकी दिशी न्हाई. आन ते यायचे थांबले, तसा गुरवार बी गेला."

डोकं सणकलं माझं. वीस वर्षं गावानं नाटक केलं!

"त्यांला सांगू नका," ती म्हणाली. मग हळूच, "तुमी उभ्या हाय तवर घेऊ का भरून?"

मी उभी राहिले. बायका बाजूला सरल्या. दोन हंडे भरले. तिसरा अर्धा झाला आणि माझी एसटीची वेळ झाली. निघाले. वळून पाहिलं तर सोनाबाई पोहरा खाली ठेवत होती. त्या एसटीची लाज मला आजही वाटते.

दिवेलागणीला घरी पोचले. आप्पा दाराकडेच डोळे लावून होते.

"काढते, आप्पा. माझ्यासमोर हंडे भरले तिनं."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज बुधवार गं," म्हणाले. "खोटं तरी नीट बोलावं."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि तरीही त्यांनी मला बघायला पाठवलं होतं.