मानवतच्या वॉर्डातले पंखे

सलीमचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. सलीम म्हणजे माझ्या भावाचा, दिगंबरचा, वायरमन. "आक्का, सायेब..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. सेलूला एका वसतिगृहाच्या कामावर गेलेला दिगू पाणी प्यायला म्हणून बसला आणि बसल्या जागीच गेला. मी आधी गॅस बंद केला. मग त्या बिचाऱ्या सलीमलाच रागावले, "रडू नको, काय झालं ते नीट सांग!" नीट सांगितल्यानं जसं काही बदलणारच होतं... महिना होऊन गेला. अजून कणीक मात्र दोघांचीच भिजवते मी.

दिगू माझ्याहून लहान. मी लग्न केलं नाही, त्याची बायको लवकर गेली. परभणीच्या घरात आम्ही दोघंच, भांडत आणि एकमेकांच्या खोड्या काढत राहिलो. धंदा त्याचा जगावेगळा. लोकांच्या मोठ्या इमारतीत स्वतःच्या पैशानं नवे पंखे, दिवे, पंप बसवायचे आणि विजेचं बिल जेवढं कमी होईल त्यातला ठरलेला वाटा काही वर्षं घ्यायचा. बिल कमी झालं नाही तर दमडी नाही. "म्हणजे लग्न लोकांचं आणि जेवणावळ तुझी," मी म्हणायचे. तो हसायचा. "आक्के, आधी कुणी तरी भरवसा दाखवावाच लागतो."

मानवतच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम त्यानं असंच घेतलं, होतं नव्हतं ते सगळं घालून. जुनी बिलं पाहून करार झाला, काम नामी झालं, आणि उन्हाळ्यात बिल वाढूनच आलं! दिगू चक्रावला. त्याच्यासोबत मीही गेले, आणि दारातच उलगडा झाला. आपल्याकडं बाळंतीण कधी एकटी येते का? आई, सासू, मावशी, जाऊ, पोरंसोरं, सगळा गोतावळा. पूर्वी निम्मे पंखे बंद पडलेले, म्हणून ही मंडळी बाहेर लिंबाखाली पडायची. आता गार वारा म्हटल्यावर चटया घेऊन सगळी आत, आणि सगळे पंखे दिवसरात्र सुरू. याच मातीत वाढलेल्या माझ्या शहाण्या इंजिनिअरनं पंखे मोजले होते, माणसं मोजायची राहिली होती.

दवाखान्याचे अध्यक्ष म्हणाले, "बिल कुठं कमी झालं, साहेब?" कागदावर त्यांचंही बरोबरच होतं. एकच उपाय होता. पंख्यांच्या वेळा ठरवायची मुभा करारात होती. दुपारी पंखे बंद करायचे, की नातेवाईक आपोआप बाहेर. दिगू तरातरा वॉर्डात गेला. मी बाहेर बाकावर बसले. परत आला तो हात हलवत.

"अरे, सांगितलंस का?"

"आक्के, एक म्हातारी नातवाला कुशीत घेऊन झोपलीय. काय घोरायलीय! तिला उठवू का मी?"

"मग तू बुडायलास की रे!"

"बुडायलोय," म्हणाला, आणि दोन चहा सांगितले. मला त्याचा लय राग आला होता. त्याच रागात त्याचा चहा मीच बशीत ओतून दिला.

करार मोडला. नंतर तो लहानसहान कामं करत राहिला. मानवतचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी घर अगदी खायला उठलं, तेव्हा सरळ एसटीत बसून मानवतला गेले. का गेले, विचारू नका. वॉर्ड गच्च भरलेला, भाकरी-ठेच्याचा वास, आणि वर सगळे पंखे फिरायलेले. भिंतीला टेकलेल्या एका बाईनं विचारलं, "कोण हाय तुमचं हितं?"

माझ्या भावानं हे पंखे लावलेत, असं सांगायला तोंड उघडलं... आणि "कुणी न्हाई," म्हणाले.

तिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि चटईवर सरकून जागा केली. "मग बसा की आमच्यात. हवा लय चांगली लागायली हितं. पडा जरा."

पदर तोंडावर ओढून मी पडले. खूप रडले, कुणाला कळलं नसेल. आणि मग, दिगू गेल्यापासून पहिल्यांदाच, मला गाढ झोप लागली. ऊन उतरल्यावर त्याच बाईनं हलवून जागं केलं.

"उठा मावशी, गाडी जाईल तुमची. घरी वाट बघायले असतील की."