उदोफियाची उलटी दवंडी

इकोत उदोम गावात दवंडी पिटणारा माणूस एकच असतो, आणि एकतीस वर्षं तो उदोफिया होता. उंच, किंचित पोक काढून चालणारा. डाव्या हातात दोन तोंडांची लोखंडी घंटा, उजव्या हातात तिची काठी. दिवस उजाडला की गावप्रमुखाच्या अंगणातून निघायचा आणि सात थांबे घेत ओढ्याकाठच्या फळ्यांपाशी यायचा. प्रत्येक थांब्यावर घंटेचे तीन ठोके, आणि मग तेच ठरलेलं वाक्य.

"तोंड माझं, शब्द धाडणाऱ्याचा. ऐकलं त्याने न ऐकलेल्याला सांगावं."

त्यानंतर कुणी धाडलंय त्याचं नाव, आणि मग निरोप. त्यात मीठ घालायचं नाही, त्यातलं पाणी काढायचं नाही. आमच्याकडे दवंडीवाला नुसता गळा असतो. म्हणूनच त्याने सांगितलं की बायका कसावा भिजत टाकून निघत, आणि पामतेल काढणारे पुरुष हात पुसत येत.

एक नियम मात्र फारसा कुणाच्या तोंडी नसे. निरोप खोटा निघाला तर दवंडी उलटी फिरवायची. शेवटच्या थांब्यापासून पहिल्याकडे, एकेका ठिकाणी उभं राहून शब्द परत घ्यायचा. आणि ज्याने उलटी फिरवली त्याने घंटा पुन्हा हातात धरायची नाही. उदोफियाच्या आजोबांच्या काळात असं एकदा झालं होतं म्हणतात.

बॅरिस्टर मफोन एसिएत आमच्याकडे मतं मागायला आला त्या वर्षी लोक कंटाळलेले होते. आधीच्या तीन आमदारांनी आमच्या ओढ्यावर तीन पूल बांधले होते, तिन्ही भाषणांत. ओढ्यावर खऱ्या होत्या त्या चार फळ्या. पावसात त्या शेवाळायच्या. बाजार पलीकडे, दवाखाना पलीकडे, आणि पोटुशी बाई असो की तेलाचा डबा, सगळं त्या चार फळ्यांवरून.

बॅरिस्टर किल्ली पक्षाचा. त्याने दवंडीशिवाय पहिली सभा लावली तेव्हा प्रमुख, त्यांची दोन बोकडं आणि भाड्याच्या दोनशे खुर्च्या, एवढेच हजर होते. बॅरिस्टर शहाणा माणूस. तो भाषण न करता खाली उतरला आणि थेट उदोफियाच्या घरी गेला.

उदोफियाच्या बायकोने, मम्मा आर्कोनने, फुफू, म्हणजे कसाव्याचा शिजवलेला गोळा, आणि अफांगची भाजी वाढली. बॅरिस्टरने बाह्या सारल्या, उदोफियाच्याच वाडग्यात हात घातला आणि बोटं चाटून खाल्लं. उदोफियाची मुलगी इनेमे तेव्हा सात महिन्यांची पोटुशी, दाराशी बसून अफांग चिरत होती. अफांग म्हणजे भाजीचा पाला, वेलीवरचा, केसासारखा बारीक चिरावा लागतो.

"पलीकडच्या दवाखान्यात नाव घातलंय का, ताई?" बॅरिस्टरने विचारलं.

"घातलंय. फळ्यांनी सोडलं तर पोचेन."

बॅरिस्टरचा घास थांबला. त्याने उदोफियाकडे पाहिलं आणि आमच्याकडे वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं 'एते' म्हटलं. "एते, माझा बाप लहानपणीच गेला. आजपासून तुम्ही माझे बाप. हिचं लेकरू पुलावरून दवाखान्यात जाईल. तुम्ही फक्त लोकांना एकदा सांगा. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतात."

तो गेल्यावर मम्मा आर्कोन वाडगी उचलताना म्हणाली, "इनेमेचे पापा, घास सुंदर खातो हो माणूस. पण पाणी मागितलं नाही. ज्याला लगेच निघायचं असतं तो पाणी मागत नाही."

"तुला सगळ्यात खोट दिसते."

"भाजीत नाही दिसली ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी बॅरिस्टरच्या नव्या सभेची दवंडी धाडली. उदोफियाने सातही थांब्यांवर ती जशीच्या तशी सांगितली. पण प्रत्येक ठिकाणी, निरोप संपल्यावर, त्याने आणखी एक ठोका दिला. चौथा ठोका गावाने कधी ऐकला नव्हता. लोक दारात येऊन उभे राहिले.

"हे मला कुणी धाडलेलं नाही," तो म्हणाला. "हे माझं आहे. हा माणूस पूल बांधेल. मी सांगतो."

बस, एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गळ्याला स्वतःचं काही बोलायचं होतं, आणि त्यामागे इनेमेचं पोट होतं हे सगळ्यांना कळत होतं. मतदानाच्या दिवशी शाळेपुढची रांग पार तेलाच्या घाण्यापर्यंत गेली. अंगठ्याला शाई लावून परत येणाऱ्या बायका उदोफियाला म्हणायच्या, "एते, तुमच्या तोंडाला मत दिलंय, त्याच्या नाही." तो हसायचा. ते हसणं मी पाहिलं आहे. नवीन कापड नेसलेल्या माणसाचं असतं तसं होतं.

बॅरिस्टर निवडून आला. महिन्याभरात ओढ्यापाशी वाळूचा एक ढीग पडला आणि एक पाटी लागली. पाटीवर किल्ली होती, बॅरिस्टरचा चेहरा होता आणि पुलाचं चित्र होतं. चित्रातल्या पुलावरून एक निळी मोटार चालली होती.

इनेमेचे दिवस भरले तेव्हा ओढा दुथडी होता. ती घाण्याच्या छपराखाली बाळंत झाली, अलीकडच्याच काठावर. मुलगी वाचली, इनेमे वाचली. मुलीचं नाव त्यांनी म्फोनिसो ठेवलं. उदोफिया राजधानीत चार वेळा गेला. चारही वेळा साहेब बैठकीत होते.

वाळूवर गवत आलं. मग दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका दुपारी रेडिओवर बातमी लागली, की बॅरिस्टर एसिएत आपल्या सगळ्या कार्यकर्त्यांसह किल्ली सोडून होडी पक्षात गेले. जनतेच्या विकासासाठी. ताडीच्या दुकानात सगळ्यांनी ती ऐकली. मग सायकल दुरुस्त करणारा उदोंग म्हणाला, "बरोबर आहे. पूल होत नाही म्हटल्यावर होडीच लागणार."

सगळे हसले. कोपऱ्यात उदोफिया बसला होता. हसणाऱ्यांना तो दिसला आणि हसणं थांबलं, ते थांबणं जास्त वाईट होतं.

त्याला कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला तोंडावर बोलत नाहीत. पण पंधरवड्याने प्रमुखांनी दवंडी धाडली की गुरुवारी परिचारिका गोवराची लस घेऊन येतील, लेकरं शाळेत आणावीत. उदोफिया सात थांबे फिरला. गुरुवारी दोघी परिचारिका बर्फाची पेटी घेऊन दुपारपर्यंत शाळेत बसल्या. एकच मूल आलं, आजोबांच्या खांद्यावर बसून. म्फोनिसो.

"गावात लेकरं नाहीत का, एते?" परिचारिकेने विचारलं.

"आहेत," उदोफिया म्हणाला. "दवंडी नाही."

वाटेत त्याने विणकाम करणाऱ्या एका बाईला विचारलं, तुझी दोन्ही का आली नाहीत. ती खाली बघत म्हणाली, "एते, आम्हाला वाटलं हेही तुमचंच असेल."

तिथून तो घरी आला आणि घंटा भिंतीवरून काढून मांडीवर घेऊन बसला. मम्मा आर्कोनला कळलं. तिने फक्त विचारलं, "मग तुम्ही कोण राहाल?"

"घंटा तरी राहील," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात होडी पक्षाची माणसं प्रमुखांकडे आली. बॅरिस्टरांचा सत्कार ठेवायचा आहे, गाव जमलं पाहिजे. प्रमुखांनी उदोफियाला बोलावलं. मान खाली घालून म्हणाले, "धाडतोय तुला. नाही म्हणता येत नाही मला. तुलाही येत नाही."

"नाही येत," उदोफिया म्हणाला. "पण परतीच्या वाटेवर माझं थोडं काम आहे."

सकाळी तो अंगणातून निघाला. सात थांब्यांवर त्याने सत्काराचा निरोप सांगितला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. फळ्यांपाशी शेवटचा थांबा झाला. मग तो तिथेच वळला आणि त्याने चार ठोके दिले.

"दोन वर्षांपूर्वी इथे उभा राहून मी म्हणालो होतो की हा माणूस पूल बांधेल. तो शब्द कुणी धाडला नव्हता. प्रमुखांचा नव्हता, घंटेचा नव्हता. माझा होता. तो मी परत घेतो."

मग पुढचा थांबा, पुन्हा चार ठोके, तेच शब्द. तिसऱ्या थांब्यापासून लोक त्याच्या मागे चालू लागले. तो म्हातारा पाय ओढत उलट्या वाटेने जात होता आणि गाव त्याच्या मागे, प्रेतयात्रेला जावं तसं. अंगणात शेवटचे चार ठोके झाले. त्याने घंटा प्रमुखांच्या पायापाशी ठेवली, वर काठी ठेवली. प्रमुखांनी बराच वेळ तिला हात लावला नाही.

सत्काराला मंडप होता, खुर्च्या होत्या, होडीचं चित्र होतं. गाव शेतावर गेलं होतं. एकटा उदोफिया येऊन पहिल्या रांगेत बसला. बॅरिस्टर मोटारीतून उतरला, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि हसरा चेहरा करून त्याच्याकडे आला. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"बाबा, तुम्ही तरी आलात. नाव काय आपलं?"

बॅरिस्टरने मागे हात केला, कार्यकर्त्याने होडीची टोपी दिली, ती बॅरिस्टरने म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवली आणि फोटो काढला. उदोफिया त्या हाताकडे बघत होता. त्याच्या वाडग्यात गेलेला हात.

टोपी घेऊन तो घरी आला. मम्मा आर्कोन तिच्यात अंडी ठेवते.

घंटा आता उदोंगकडे आहे, त्या सायकलवाल्याकडे. त्याचा आवाज चिरका, आणि पहिल्या दिवशी तो ठरलेलं वाक्य विसरला तेव्हा पोरं फिदीफिदी हसली. पुढच्या महिन्यात परिचारिका पुन्हा आल्या. उदोंगने दवंडी दिली, आणि शाळेपुढे आया लेकरं कडेवर घेऊन उभ्या राहिल्या, रांग घाण्यापर्यंत गेली.

उदोफिया अंगणात बसून अफांग चिरत होता. उदोंग त्याच्या दारावरून पुढे गेला तेव्हा त्याने तीन ठोके मोजले. चौथ्यासाठी क्षणभर कान दिला. तो आला नाही, तेव्हा त्याने पुन्हा पात्याखाली पाला धरला.