अर्ध्या कॅसेटचे जाणकार

कवळीवाले तसे फार बोलके नव्हते, पण एक विषय निघाला की त्यांना आवरणं घरात कुणालाच जमत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून साचे आणायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणावर एकेक दात बसवत जायचं, हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत सगळा पसारा. घासायचं यंत्र चालू असेपर्यंत बोलायची सोय नसे, आणि ते बंद झालं की लगेच टेपरेकॉर्डर सुरू. कॅसेट एकच, तिच्यावर प्लास्टरने माखलेल्या बोटांचे पांढरे ठसे.

तरुणपणी त्यांनी रेडिओवरून तिच्यावर एक परदेशी रचना भरून घेतली होती. भला मोठा ऑर्केस्ट्रा, पण अंगात सगळी जॅझची मस्ती. सुरुवातीला एकटं क्लॅरिनेट खालून असं काही वर चढत जातं, जसे झोपेतून उठलेल्या माणसाने मनसोक्त आळोखेपिळोखे द्यावेत. मग पियानो येतो, ट्रम्पेटवाले खोड्या काढतात, आणि सगळे मिळून असा दणका देतात की टेबलावरचे दात थरथरावेत. आणि तिथेच खट्. संपलं. त्या शेवटावर तर कवळीवाल्यांचा जीव होता. संगीतकार ऐन उमेदीत गेला, एवढंच रेडिओवरच्या बाईंनी सांगितलं होतं. बाकीचं सगळं यांच्या मनाचं. 'आपला माणूस' म्हणायचे ते त्याला, जसा काही मागच्या गल्लीतच राहायचा. हाताशी वेळ नाही हे आपल्या माणसाला कळलं होतं, म्हणून त्याने शेवट असा तोडून टाकला. दुसरा कुणी पाल्हाळ लावत बसला असता. हे ते पाहुण्यांना ऐकवत, डॉक्टरांना ऐकवत. शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही. तो बिचारा सहज म्हणाला, कॅसेट संपली असेल हो. त्याला पुन्हा त्या घरातल्या शेगडीला हात लावू दिला नाही.

लेक त्याच खोलीत, त्याच कॅसेटवर वाढली. तिने क्लॅरिनेट हातात घेतलं तेच मुळी त्या चढणीसाठी. ती संगीत शिकायला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा कवळीवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पहिल्याच वर्षी तिने एकदा फोनवर चाचरत विचारलं, की त्या शेवटानंतर पुढे काही असेल असं तुम्हाला कधी वाटलं नाही का? कवळीवाल्यांनी तिला तिथल्या तिथे झापलं.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय मी. आता तू मला शिकवणार?"

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. फोनवर हल्ली सगळं ऐकायला मिळतं, लावू का, असं बायकोने एकदा सुचवून पाहिलं. त्या डबड्यातून डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो म्हणून तिलाही त्यांनी उडवून लावलं.

मग लेकीला एका मोठ्या ऑर्केस्ट्रात घेतलं. अजून कायम केलं नव्हतं, काम बघून ठरवणार होते. आणि योग बघा, पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात तीच रचना, आणि ती चढण तिच्याच वाट्याला. तिने दोन पास पाठवले आणि फोनवर बजावलं, की बाबा, आई वाजवेल तेव्हाच टाळ्या वाजवा. कवळीवाले हसले. त्यांना टाळ्या कुठे वाजवायच्या हे कुणी सांगायचं? उलट आणखी एक पास मागून त्यांनी साचे देणाऱ्या एका डॉक्टरांनाही बरोबर घेतलं.

सभागृहात बसल्या बसल्या डॉक्टरांची शिकवणी सुरू झाली. शेवटाकडे लक्ष ठेवा, कवळीवाले पुन्हा पुन्हा सांगत होते. डॉक्टर मान डोलावत होते.

दिवे मंद झाले. लेकीने क्लॅरिनेट ओठांना लावलं, आणि तो सूर खालून निघून असा सरसरत वर गेला की कवळीवाल्यांचे डोळे भरून आले. पुढचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मांडीवर बोटं चालली होती. दणका जवळ आला, आला, झाला. सगळं सभागृह चिडीचूप. कंडक्टरचा हात अजून हवेतच होता.

कवळीवाले ताडकन उठले. "वा! वा!" म्हणत टाळ्या पिटू लागले. बायकोने कोट ओढला, अहो, बसा ना, असं कुजबुजली. यांना वाटलं, लोकांना कळलेलं दिसत नाही. म्हणून त्यांनी टाळ्यांचा जोर वाढवला आणि डॉक्टरांनाही उठायची खूण केली. डॉक्टर अर्धवट उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग पुष्कळ जण हसले. कंडक्टर शांतपणे थांबून होते. लेक मान खाली घालून बसली होती. मग कंडक्टरचा हात खाली आला, आणि कवळीवाल्यांनी जन्मात न ऐकलेली एक संथ, रुंद धून सुरू झाली.

ते खाली बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. लोक म्हणतात की त्या रचनेतला सगळ्यात गोड भाग तोच. कवळीवाल्यांना त्यातला एक सूर ऐकू आला नाही, कान नुसते तापले होते. ज्यांना ज्यांना आपण तो शेवट समजावून सांगितला ती सगळी माणसं ओळीने डोळ्यांसमोर आली, त्यात शेगडीवालाही होता. आणि मग लेकीचा तो फोन आठवला. तिला तेव्हाच कळलं होतं तर. ही लाज पहिलीपेक्षा जड होती.

कार्यक्रम संपला. डॉक्टर छान झालं म्हणाले आणि घाईने निघून गेले. रंगमंचामागच्या बोळात वाद्यांच्या पेट्यांमध्ये कवळीवाले चोरासारखे उभे राहिले. लेक आली तशी त्यांनी आधी विचारलं, आपल्यामुळे तिची नोकरी तर जाणार नाही ना. तसं काही होणार नाही, ती म्हणाली, कंडक्टर हसले फक्त, घरचं माणूस दिसतंय म्हणाले.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला गेले होते, बाबा. आईनेही बघितलं सांगून. पण तुमच्यापुढे कुणाला बोलता येतं का?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, पाणी कधी येतं ते सांगावं तसं. बायको पेट्यांकडे बघत राहिली.

तिघं टॅक्सीत बसली. मग कवळीवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. कसं आहे ते?"

लेक सांगू लागली. ती धून आधी कोण उचलतं, मग कुणाकडे जाते, पियानो तिला मध्येच कसा चिडवतो. खरा शेवट चांगला लांबलचक आहे, म्हणाली, संगीतकाराला थांबवतच नाही. कवळीवाल्यांच्या ओठांवर 'आपला माणूस' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

पण दर वाक्यानंतर लेक जरा थांबत होती आणि त्यांच्याकडे बघत होती. ती का थांबते हे त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांना तिच्याकडे बघवेना. लहानपणापासून ती अशीच थांबायची, बाबा आता मध्येच तोडतील म्हणून.

"बोल," ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही."

ती पुन्हा थांबली, आणि मग पुढे सांगू लागली.