गेट यायच्या आत

रंगनाथ बोरस्तेला बुद्धिबळाची सुरुवात येत नाही. हे तो स्वतःच सांगतो आणि त्यात त्याला काडीची लाज वाटत नाही.

तीस वर्षं तो ओझरच्या कारखान्यात फिटर होता, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं कंपनीच्या बसमध्ये धनराज निकमच्या शेजारी बसत आला. आडगाव नाक्यावर बस धरली की मांडीवर डब्याची पिशवी आणि पिशवीवर चुंबकाचा घडीचा पट. सुरुवातीला दोघं रीतसर बत्तीस सोंगट्या मांडायचे. पण प्रवास जेमतेम पंचवीस मिनिटांचा. घोडे-उंट बाहेर पडतात न पडतात तोच कारखान्याचं गेट यायचं. मग रंगनाथने डोकं लढवलं. डाव शेवटापासूनच मांडायचा: एकेक राजा, एकेक हत्ती आणि चार-चार प्यादी.

त्याचं म्हणणं असं, की गर्दीत कुणीही शूर होतं. राजा मागे लपतो, मारामाऱ्या वजीर करतो. पट रिकामा झाला की राजाला स्वतः पायी निघावं लागतं, आणि ज्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं ते प्यादं सगळ्यांचा जीव टांगणीला लावतं. हे त्याने घरी इतक्यांदा ऐकवलं होतं, की बायको आशा भाजी निवडता निवडता पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

धनराज खेळायला बरा, पण भलता इरसाल. हरायची वेळ आली की गेटाअलीकडच्या दहावा मैल थांब्यापाशी त्याला गहन विचार पडायचा. हात सोंगटीवर, नजर छताला. बस थांबली की पट मिटून म्हणायचा, गेट आलं, बरोबरीत सोडू. इतक्या वर्षांत 'हरलो' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि रंगनाथला तोच एक शब्द हवा होता. बढती हुकली तेव्हाही त्याला एवढी रुखरुख लागली नव्हती.

यंदा मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी रंगनाथ निवृत्त झाला. सकाळची ती त्याची शेवटची बस. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पिशवीत बसभर पुरतील एवढे पेढे, आणि त्या पेढ्यांवर पट. दहावा मैल येईपर्यंत धनराजची सगळी प्यादी गेली, दोघांचे हत्तीही गेले, त्याचा उरला नुसता राजा, तोही पटाच्या कोपऱ्यात. रंगनाथचं एक प्यादं वजीर व्हायला एक पाऊल कमी. धनराजकडे खेळायला एकच चाल होती, तरी तो छताकडे बघत बसला.

बस गेटाच्या शंभर पावलं अलीकडेच थांबली. ड्रायव्हर कारभारी हे नाटक वर्षानुवर्षं आरशातून बघत आला होता. इंजिन बंद करून तो मागे वळला.

"धनराजभाऊ, चाल करा. तोवर गाडी आत जायची नाय."

अख्खी बस सीटांवरून पुढे वाकली. धनराजने निमूटपणे राजा एक घर सरकवला. रंगनाथने घाईघाईने प्यादं पुढे ढकललं आणि त्याचा वजीर केला.

तिथेच घोटाळा झाला. धनराजच्या राजाला शह नव्हता, आणि हलायला एकही घर नव्हतं. म्हणजे डाव बरोबरीत, आणि या वेळी खरोखरीच. आयुष्यभर रंगनाथ शेवटच खेळत आला होता, पण त्यातल्या अगदी शेवटच्या दोन चाली त्याला कधी खेळायलाच मिळाल्या नव्हत्या. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

कुणी हसलं नाही. धनराजलाही पट मिटवेना. त्याने वजीर उचलला आणि त्या जागी हत्ती ठेवला. आपला राजा एक घर पुढे घेतला. मग रंगनाथचा तो नवा हत्ती सरकवून त्या राजाच्या रांगेत आणला. राजाला शह बसला आणि पळायला वाट उरली नाही.

"वजिराऐवजी हत्ती मागितला असतास," तो म्हणाला, "तर मी हरलो होतो."

रंगनाथने बाहीने डोळे पुसले. "पुन्हा म्हण."

"काय?"

"शेवटचं."

धनराजने आधी कारभारीकडे पाहिलं, मग बसकडे. "हरलो होतो," तो म्हणाला. मग नुसतं, "हरलो."

कारभारीने इंजिन सुरू केलं.